अवतरण निबंधात मुरावे कसे?

वाचकांचे प्रश्न : लेखन आणि अभ्यास

महाविद्यालयांत प्रकल्प आणि निबंध जमा करण्याचे दिवस जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही बदलतो. या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच अडचण निरनिराळ्या शब्दांत आली आहे : कवितेतल्या, नाटकातल्या किंवा कादंबरीतल्या ओळी आपल्या लेखनात कशा आणाव्यात आणि त्यांचा संदर्भ कसा द्यावा. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या दोन पत्रांना अधिक जागा दिली आहे, कारण पुढच्या तिन्हींची उत्तरे बरीचशी त्यांतच येतात.

प्रश्न : आदरणीय बाई, मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला मराठी विषय घेऊन शिकते. बालकवींच्या ‘औदुंबर’ या कवितेवर मी निबंध लिहिला. सरांनी समासात ‘अवतरणे ठिगळासारखी लागली आहेत’ एवढाच शेरा दिला. ओळी तर मी अचूक उतरवल्या होत्या. मग चुकले काय? निबंधातला एक परिच्छेद सोबत पाठवत आहे. — एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तुम्ही परिच्छेद पाठवलात हे फार बरे केलेत, कारण हा दोष नुसता सांगून कळत नाही, दाखवावाच लागतो. तुमचा परिच्छेद असा आहे : “बालकवी हे निसर्गकवी होते. ‘औदुंबर’ या कवितेत निसर्गाचे सुंदर वर्णन आले आहे. ‘ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन / निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन.’ तसेच कवितेत उदासीही आहे. ‘पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.’ यावरून बालकवींची प्रतिभा दिसून येते.”

कवीच्या ओळींच्या मागे तुमचा पूर्णविराम आहे आणि पुढेही तुमचे नवे वाक्य सुरू होते. त्यामुळे त्या ओळी दोन वाक्यांच्या मध्ये सुट्या पडल्या आहेत. तुमचे एकही क्रियापद त्यांना धरून ठेवत नाही. सरांना ‘ठिगळ’ म्हणायचे होते ते हेच. त्याहून मोठी अडचण अशी, की ‘उदासी आहे’ असे तुम्ही म्हणता, पण ती कोणत्या शब्दात आहे हे शोधण्याचे काम वाचकावर सोपवता. ‘यावरून’ हा शब्द लिहिताना नेमके कशावरून, असा प्रश्न स्वतःला विचारला असता तर पुढचे वाक्य वेगळे झाले असते.

आता कवितेकडे पुन्हा जाऊ. कविता आठच ओळींची आहे आणि त्या आठ ओळींत रंग एकामागून एक येतात. आधी हिरवाळी आणि निळासावळा झरा, मग शेतमळ्यांची हिरवी गरदी, मग पांढरी पायवाट, मग काळा डोह आणि अखेरीस लाटांवर पसरणारा ‘गोड काळिमा’. हा क्रम लक्षात आला की मांडण्यासारखा एक मुद्दा हाती लागतो आणि मग कोणते शब्द उचलायचे हे तो मुद्दाच ठरवतो. तुमचा परिच्छेद मी असा लिहून पाहिला :

“हिरवाळी घेऊन वाहणाऱ्या झऱ्यापासून सुरू झालेली ही कविता रंग बदलत बदलत खाली उतरते. शेतमळ्यांची गर्दी ‘हिरवी’ आहे, त्यांतून निघालेली पायवाट ‘पांढरी’ आहे आणि ती जाते मात्र ‘काळ्या डोहाकडे’. हा काळेपणा भिववणारा नाही. ‘झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर’ या ओळीतले ‘गोड’ हे विशेषण उदासीची धार बोथट करते आणि म्हणूनच ‘पाय टाकुनी जळात’ बसलेला औदुंबर दुःखी न वाटता स्वस्थ वाटतो.”

हा अर्थ तुम्हाला पटलाच पाहिजे असे नाही. शेवटच्या ओळीतल्या ‘असला’ या शब्दाचा अर्थ ‘असा हा’ असा घ्यावा की तो ‘बसला’ या क्रियापदाला जोडून वाचावा, यावरही वेगळा परिच्छेद लिहिता येईल. वाक्यांची बांधणी मात्र नीट पाहा. पूर्ण ओळ एकदाच आली आहे, बाकी ठिकाणी एक ते तीन शब्दांचेच तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकड्याला माझे क्रियापद मिळाले आहे.

आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येते, ही येथे मोठी सोय आहे. ‘काळ्या डोहाकडे’ एवढाच तुकडा मी उचलला; त्यातला ‘कडे’ मूळ कवितेतलाच आहे, आणि पुढचे-मागचे ‘ती जाते’ हे माझे. वाचताना सांधा जाणवत नाही. जेथे मूळ शब्दाचे रूप आपल्या वाक्यात बसत नाही तेथे अडचण येते आणि नेमके तेथेच विद्यार्थी मूळ शब्दाला वाकवतात. ‘गोड काळिम्याने’ असे अवतरणचिन्हांत लिहिले तर ते शब्द बालकवींचे राहत नाहीत. अशा वेळी शब्द आहे तसाच ठेवावा आणि विभक्तीचा भार पुढच्या सर्वनामावर व नामावर टाकावा : ‘गोड काळिमा’ या शब्दांनी, या ओळीतून, या प्रतिमेमुळे. ग्रंथनामांनाही हेच लागू आहे. ‘श्यामच्या आईत’ असे पुस्तकाचे नावच मोडून लिहिलेले मी वर्षानुवर्षे वाचत आले आहे. ‘श्यामची आई’ या पुस्तकात, असे लिहायला दोनच शब्द जास्त लागतात.

आणखी एक सवय सोडा. प्रत्येक अवतरणापुढे ‘असे बालकवी म्हणतात’ असा खुंटा ठोकण्याची गरज नसते. कवी कधी सुचवतो, कधी विचारतो, कधी आर्जव करतो, कधी नुसते दाखवतो. ‘औदुंबर’मध्ये तर तो बहुतेक दाखवतोच. नेमके क्रियापद शोधले की अर्धे विवेचन तेथेच होऊन जाते. आणि एकाच वाक्यात ‘असे म्हणतात की’ आणि ओळीनंतर पुन्हा ‘असे’ नको. दोहोंपैकी एक पुरते.

प्रश्न : स. न. वि. वि. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. मुले संतवचने पाठ असतात तशी लिहितात. मी एखादे अक्षर दुरुस्त केले की ‘बाई, अर्थ तर तोच आहे ना’ असे म्हणतात. शुद्धलेखनाबाबत तर माझाच गोंधळ होतो : जुने अनुस्वार ठेवायचे की काढायचे? — एक शिक्षिका, नांदेड

उत्तर : अर्थ तोच राहत नाही, हे मुलांना एका उदाहरणाने पटवता येईल. ‘बोले तैसा चाले, त्याची वंदावी पाउले’ हे भाषणांत, फळ्यांवर, सत्काराच्या मानपत्रांत सर्वत्र दिसते. तुकोबांच्या गाथेत मात्र ‘वंदीन’ असे आहे. आता पूर्ण अभंग मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या :

बोले तैसा चाले । त्याचीं वंदीन पाउलें ॥
अंगें झाडीन अंगण । त्याचें दासत्व करीन ॥
त्याचा होईन किंकर । उभा ठाकेन जोडोनि कर ॥
तुका म्हणे देव । त्याचे चरणीं माझा भाव ॥

वंदीन, झाडीन, करीन, होईन, ठाकेन. पाचही क्रियापदे प्रथमपुरुषी आहेत. तुकोबा दुसऱ्याला उपदेश करत नाहीत. अशा माणसाचे अंगण मी स्वतः झाडीन, असा शब्द ते देत आहेत. ‘वंदावी’ म्हटले की तो शब्द जगाला केलेला उपदेश होतो आणि पुढच्या ओळींशी त्याची साखळी तुटते. माझ्या वर्गात हा अभंग वाचताना एक मुलगा तिसऱ्या ओळीवर आपण होऊन थांबला आणि म्हणाला, ‘बाई, मग वर वंदावी कसे असेल?’ मला काही सांगावेच लागले नाही.

ज्ञानेश्वरीतल्या सर्वांत लाडक्या ओवीचेही असेच झाले आहे. सहाव्या अध्यायातली ओवी अशी आहे : ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजां जिंके । ऐसीं अक्षरें रसिकें । मेळवीन ॥’ लोकांच्या तोंडी ती ‘माझ्या मराठीची बोलू कौतुके’ अशी आहे. मूळ ओवीत ‘बोलु’ हे नाम आहे : माझा बोल मराठीच आहे, पण तो पैज लावून अमृतालाही जिंकील अशी अक्षरे मी जुळवीन. लोकप्रिय पाठात ‘बोलू’ हे क्रियापद झाले आणि मराठीची कौतुके बोलू या, असा अर्थ तयार झाला. ज्ञानदेव भाषेचा गौरव करत बसलेले नाहीत. ते स्वतःवर एक काम घेत आहेत. निबंधात चुकीचा पाठ घेतला तर त्याखाली केलेले विवेचनही चुकते.

मूळ शब्दांना हात लावू नये हा आग्रह आपल्या परंपरेत जुना आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि त्यात स्वतःच्या ओव्या घुसडू पाहणाऱ्यांना बजावले : ‘ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥’ अमृताच्या ताटात ठेवलेली नारळाची करवंटी, ही प्रतिमा मुलांना एकदा सांगितली की ती विसरत नाहीत.

आता अनुस्वारांचे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत आणखी नियमांची भर पडली. या नियमांतच तुमचे उत्तर आहे. केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य यांतले उतारे मुळाप्रमाणे छापावेत. केशवसुत आणि चिपळूणकर यांच्यासह त्यानंतरचे लेखन आजच्या नियमांप्रमाणे छापावे. म्हणून वरच्या अभंगात आणि ओव्यांत मी अनुस्वार ठेवले. बालकवी केशवसुतांनंतरचे असल्यामुळे त्यांच्या ‘जळांत’चे ‘जळात’ केले. एक सावधगिरी मात्र हवी. वृत्तासाठी कवीला ऱ्हस्व-दीर्घाचे स्वातंत्र्य हेच नियम देतात. ते स्वातंत्र्य आपण उतरवताना काढून घेऊ नये. ‘औदुंबर’च्या पहिल्या दोन ओळींत ‘हिरवाळी घेउन’ आणि ‘बेटाबेटातुन’ या दोन्ही तुकड्यांच्या १०-१० मात्रा होतात. त्यांचे ‘घेऊन’ आणि ‘बेटाबेटातून’ केले की शुद्धलेखन सुधारते, पण मात्रा ११ होतात आणि ओळ लंगडते. मुलांना बोटांवर मात्रा मोजायला लावा. त्यांना ते आवडते.

प्रश्न : नाटकावर लिहिताना संवाद उद्धृत केला तर ‘नाटककार म्हणतात’ असे लिहायचे की पात्राचे नाव घ्यायचे? परीक्षकांनी माझ्या उत्तरपत्रिकेत या जागेला लाल रेघ मारली होती. — एक विद्यार्थी, मडगाव

उत्तर : पात्राचेच नाव घ्यायचे. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ नाटकात तळीराम दारूच्या बाजूने भरभरून बोलतो, आर्यमदिरामंडळ चालवतो. त्याचे एखादे वाक्य घेऊन पुढे ‘असे गडकरी म्हणतात’ असे लिहिले, तर दारूने एका घराची कशी राख होते हे दाखवणाऱ्या नाटककारालाच तुम्ही तळीरामाच्या मंडळाचे सभासद करता. नाटकातल्या अवतरणाबरोबर कोण बोलतो, कोणाशी आणि कोणत्या प्रसंगी, या तीन गोष्टी वाक्यातच याव्यात. ‘सुधाकराला आग्रह करताना तळीराम म्हणतो’ एवढ्याने काम भागते. तळीरामाकडून गडकरींना काय साधायचे आहे, हे त्यानंतर तुमच्या शब्दांत लिहा. तेथे गडकरींचे नाव हक्काने येईल.

कथा-कादंबरीत निवेदक ‘मी’ म्हणून बोलत असेल तर हाच विवेक ठेवावा लागतो. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत यमू स्वतःची कहाणी सांगते. तिच्या सासरच्या हालांविषयी ‘आपटे आपला अनुभव सांगतात’ असे लिहिलेले वाचून मला खरोखर वाईट वाटले होते, कारण त्या विद्यार्थ्याला कादंबरी मनापासून भिडलेली होती आणि एवढ्या एका चुकीने सगळे उत्तर उथळ दिसत होते. संतकाव्यात ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा मुळातच असते. तिच्यापुढे पुन्हा ‘असे तुकाराम म्हणतात’ जोडू नये. ‘अभंगाच्या शेवटी तुकोबा देवाचे नाव घेतात ते असे’ अशा तऱ्हेने वाक्य वळवता येते. ‘कवी म्हणतो’ आणि ‘बालकवी म्हणतात’ ही दोन्ही रूपे योग्य आहेत. नाव घेतले की आदरार्थी बहुवचन यावे, आणि निबंधभर ते तसेच राहावे.

प्रश्न : मी एम. ए. करत आहे. आमच्याकडे मराठीची पुस्तके मिळणे अवघड आहे, त्यामुळे एकाच ग्रंथाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या हाती येतात. पृष्ठांक, ओवी क्रमांक, तळटीप यांचा मेळ कसा घालावा? — एक विद्यार्थी, इंदूर

उत्तर : पद्धत तुमच्या विद्यापीठाने ठरवून दिली असेल ती पाळावी, कंस, तळटीप, स्वल्पविराम यांचा क्रम हा वाद घालण्याचा विषय नाही. मूळ कसोटी एकच : वाचकाला तुमच्या संदर्भावरून ती ओळ शोधता आली पाहिजे. तेवढ्यासाठी ज्या ग्रंथाचे अंतर्गत विभाग ठरलेले आहेत तेथे पृष्ठांकापेक्षा विभाग द्यावा. ज्ञानेश्वरीला अध्याय आणि ओवी (६.१४), नाटकाला अंक आणि प्रवेश. कादंबरीला प्रकरण आणि पृष्ठांक दोन्ही दिले तर दुसरी आवृत्ती हाती असलेल्या वाचकालाही ते सापडते.

मात्र आवृत्तीचा उल्लेख कधीही गाळू नका. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत ओव्यांचे क्रमांक पुढेमागे होतात; राजवाडे प्रत आणि साखरे प्रत यांत शब्दही बदलतात. गाथेच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत अभंगांचे क्रमांक वेगळे आहेत. तेव्हा पहिल्या संदर्भातच ‘या निबंधात अमुक संपादकांची अमुक सालची प्रत वापरली आहे’ असे एका वाक्यात सांगून टाकावे आणि मग शेवटपर्यंत तीच प्रत वापरावी. एका प्रतीतली ओवी आणि दुसऱ्या प्रतीतला क्रमांक अशी सरमिसळ सर्वांत वाईट. पाठ्यपुस्तकातून कविता घेतली असेल तर पाठ्यपुस्तकाचेच नाव द्या, कारण तेथे कधीकधी कडवी गाळलेली असतात. समीक्षकाच्या ग्रंथात उद्धृत झालेली ओळ तुम्ही तेथूनच घेतली असेल, तर तसे स्पष्ट लिहा. मूळ ग्रंथ पाहिल्याचे भासवू नका. टोपणनावांबाबत पुस्तकावर छापलेले नाव प्रमाण मानावे : सूचीत ‘बालकवी’ असेच, आणि हवे तर पुढे कंसात त्र्यंबक बापूजी ठोमरे.

शब्द गाळले तर तेथे तीन टिंबे द्यावीत, आपला शब्द घातला तर तो चौकटी कंसात. गाळताना अर्थ मात्र गळू देऊ नये. पसायदानातली ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ ही ओळ आठवा. ज्ञानदेव खळांचा नाश मागत नाहीत, त्यांचा वाकडेपणा जावा असे मागतात. ‘व्यंकटी’ हा एक शब्द टिंबांत गेला, किंवा ‘दुष्ट नाहीसे व्हावेत’ असा सारांश लिहिला, की प्रार्थना उलटी होते. कवितेच्या दोन ओळींपर्यंत अवतरण वाक्यातच तिरकी रेघ देऊन लिहावे. त्याहून जास्त असेल तर नव्या ओळीवर, समासापासून आत, अवतरणचिन्हांशिवाय.

प्रश्न : माझी मुलगी दहावीला आहे. निबंधात किती काव्यपंक्ती घातल्या तर चांगले गुण मिळतात? तिला यादी करून पाठ करायला सांगू का? — एक पालक, बेळगाव

उत्तर : यादी नको. यादीतली ओळ पाठ होते, पण ती कोणत्या कवितेतली, कोणाला उद्देशून आहे हे तिला माहीत नसते. मग पावसाळ्यापासून मोबाइलपर्यंत कोणत्याही विषयात ती ओळ कोंबली जाते, आणि तपासणाऱ्याला ते पहिल्याच वाक्यात कळते. त्यापेक्षा तिला आवडणाऱ्या चार-पाच कविता पूर्ण वाचू द्या आणि घरी मोठ्याने म्हणू द्या. निबंधात त्यांतली एखादीच ओळ आली आणि तिच्यापुढे दोन वाक्ये तिची स्वतःची आली, तरी पुष्कळ झाले. परीक्षेत ओळ नीट आठवली नाही तर अवतरणचिन्हे न देता तो विचार कवीच्या नावासह आपल्या शब्दांत लिहावा, असे तिला सांगून ठेवा. अवतरणचिन्हे द्यायची ती प्रत्येक अक्षराची खात्री असेल तेव्हाच.